आकडा आणि त्यापुढचा निर्णय : एनक्लेक्सची उजळणी

अमेरिकेत नोंदणीकृत परिचारिका म्हणून काम करायचे असेल तर एनक्लेक्स-आरएन ही परवाना परीक्षा उत्तीर्ण व्हावीच लागते. पदवी शिकागोची असो की सांगलीची, तीतून सुटका नाही. तिथल्या राज्यांच्या परिचर्या मंडळांची मिळून बनलेली ‘नॅशनल कौन्सिल ऑफ स्टेट बोर्ड्स ऑफ नर्सिंग’ ही संस्था ती घेते. जानेवारी २०१५ पासून कॅनडाच्या बहुतेक प्रांतांनीही हीच परीक्षा स्वीकारली. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असलेल्या उमेदवारांना राज्य मंडळाने पात्र ठरवले की मुंबईच्या केंद्रावरही ती देता येते. आठ-दहा वर्षे आयसीयूत काढलेल्या सिस्टरही या परीक्षेत अडखळतात, आणि त्याचे कारण बहुधा ज्ञानाची कमतरता हे नसते. उजळणी चुकीच्या दिशेने झालेली असते.

परीक्षा संगणकावर होते आणि १९९४ पासून ती ‘अनुकूली’ पद्धतीची आहे. उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न थोडा अवघड येतो, चुकले की सोपा येतो. किमान ८५ आणि कमाल १५० प्रश्न, वेळ पाच तास, त्यातच विश्रांती. उमेदवार उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर आहे की खाली, याची ९५ टक्के खात्री पटली की संगणक परीक्षा थांबवतो. म्हणून ८५व्या प्रश्नाला पडदा बंद झाला याचा अर्थ पास असाही नाही आणि नापास असाही नाही. टक्केवारी नाही, क्रमांक नाही. १ एप्रिल २०२३ पासून तीत नव्या धाटणीच्या केस स्टडी आल्या. एका रुग्णाची नोंदपत्रे, तपासण्या, डॉक्टरांचे आदेश पडद्यावर उलगडत जातात आणि त्यावर सहा प्रश्न येतात : कोणती लक्षणे महत्त्वाची, ती काय सुचवतात, त्यांत सर्वांत संभवनीय आणि तातडीचे काय, काय करता येईल, आधी काय करायचे, आणि केलेल्याचा उपयोग झाला का. परीक्षा काय मोजते ते या क्रमातच दिसते.

त्यामुळे पाठांतराचे काम संपले असे मात्र नाही. नॉर्मल व्हॅल्यू तोंडपाठ हव्यातच. सोडियम १३५ ते १४५, पोटॅशियम ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५, कार्बन डायऑक्साइडचा दाब ३५ ते ४५, बायकार्बोनेट २२ ते २६. प्लेटलेट दीड ते चार लाख. हे पहिल्या वर्षापासून घोकलेले असते. पण नुसता आकडा विचारणारा प्रश्न इथे क्वचितच येतो. चार रुग्णांचे चार रिपोर्ट समोर ठेवून आधी कोणाकडे धावायचे, असे विचारले जाते. सोडियम १३३ असलेला रुग्ण थांबू शकतो, पोटॅशियम ६.८ असलेला थांबू शकत नाही, कारण त्याच्या हृदयाची लय कोणत्याही क्षणी बिघडू शकते. आकडा पाठ करताना तो घसरला तर काय दिसेल आणि परिचारिकेने काय करायचे, या दोन गोष्टी त्याच दमात पाठ केल्या तरच तो उपयोगी पडतो.

पोटॅशियमचेच उदाहरण पाहता येईल, कारण परीक्षकांना ते फार आवडते. हृदयविकाराचा वयस्कर रुग्ण डिगॉक्सिन आणि फ्युरोसेमाइड दोन्ही घेत आहे. दोन दिवस मळमळ, जेवण जात नाही, दिव्याभोवती पिवळसर वलये दिसतात. नाडी ५४, पोटॅशियम २.९. फ्युरोसेमाइड लघवीवाटे पोटॅशियम घालवते आणि रक्तात पोटॅशियम कमी झाले की डिगॉक्सिनचा विषार लवकर चढतो. औषधाचा डोस तोच राहिला तरी. म्हणून डिगॉक्सिन देण्यापूर्वी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे आणि प्रौढात ते ६० पेक्षा कमी असतील तर गोळी द्यायची नाही. इथे गोळी थांबवायची, हृदयाच्या लयीवर नजर ठेवायची आणि डॉक्टरांना कळवायचे. ईसीजीत टी लाट चपटी आणि तिच्यामागे यू लाट दिसू शकते. पोटॅशियम शिरेतून द्यायचे ठरले तर ते नेहमी पातळ करून, पंपावर, साध्या शिरेतून साधारणपणे ताशी १० मिलिइक्विव्हॅलंटच्या वर नाही. थेट सिरिंजने कधीच नाही. त्याने हृदय बंद पडते. सुरू करण्याआधी लघवी ताशी किमान ३० मिलिलिटर होते आहे का, ते पाहायचे. एका रुग्णात दोन औषधे, एक क्षार, एक ईसीजी आणि एक जीवघेणी चूक एकत्र आली. वेगवेगळ्या प्रकरणांतून सुटे सुटे वाचलेले हे पाच मुद्दे परीक्षेत एकमेकांना सापडत नाहीत. रुग्णाभोवती बांधलेले सापडतात.

औषधांचा भाग एकूण प्रश्नांच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतका असतो आणि धास्ती मात्र निम्म्या परीक्षेइतकी. इथे शेकडो औषधे पाठ करण्यापेक्षा धोक्याच्या औषधांवर वेळ घालवणे शहाणपणाचे. हेपरिनला प्रोटामिन सल्फेट, वॉर्फरिनला व्हिटॅमिन के, अफूवर्गीय वेदनाशामकांना नॅलॉक्सोन, पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेला अॅसिटिलसिस्टीन हे उतारे पक्के हवेत. लिथियमची पातळी ०.६ ते १.२ हवी आणि १.५ ओलांडली की विषार. वॉर्फरिन घेणाऱ्याचा आयएनआर बहुतेक कारणांसाठी २ ते ३ हवा. त्याने पालक-मेथी सोडायची नसते, रोजचे प्रमाण सारखे ठेवायचे असते. हा फरक विचारणारा प्रश्न हमखास येतो. गरोदरपणातल्या वाढत्या रक्तदाबात झटके टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट चालू असेल तर गुडघ्याचा रिफ्लेक्स, श्वासाचा वेग आणि लघवी तपासत राहायची. रिफ्लेक्स गेला, श्वास मिनिटाला १२ च्या खाली आले, तर औषध बंद आणि हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेट.

भारतात शिकलेल्यांची एक अडचण नावांची आहे. परीक्षेत कंपनीचे नाव नसते, मूळ नाव असते, आणि तेही अमेरिकेतले. पॅरासिटामॉल तिथे अॅसिटामिनोफेन, सालब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल, अॅड्रिनलिन तिथे एपिनेफ्रिन. ही पंधरावीस नावांची यादी एका संध्याकाळी होते. वजन पौंडात आले तर २.२ ने भागून किलो काढायचे, हेही त्यातच. वॉर्डात ‘सलाइन लावली’ म्हटले की कोणतीही बाटली चालते. परीक्षेत मात्र ०.९ टक्के सोडियम क्लोराइड, रिंगर लॅक्टेट आणि डेक्स्ट्रोज ही तीन वेगळी उत्तरे असतात. रक्त देताना त्याच नळीतून फक्त पहिले चालते. पिशवी दोघींनी तपासायची, पहिली १५ मिनिटे रुग्णाजवळ थांबायचे आणि चार तासांत पिशवी संपवायची. थंडी वाजली, कंबर दुखू लागली, तर सर्वांत आधी रक्त बंद. डॉक्टरांना फोन त्यानंतर.

मधुमेहाचे प्रश्न बहुतेक घड्याळाचे असतात. लिस्प्रो इन्सुलिन सुमारे पंधरा मिनिटांत काम सुरू करते, म्हणून जेवणाचे ताट समोर आल्यावरच ते द्यायचे. रेग्युलरचा जोर दोन ते चार तासांनी, एनपीएचचा चार ते बारा तासांनी. सकाळी सातला एनपीएच घेतलेल्या रुग्णाला दुपारी घाम फुटून थरथर सुटली तर कारण शोधायला नको. शुद्धीत असेल तर १५ ग्रॅम साखरेइतके काही गोड, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. ग्लार्जिनला असा जोराचा काळ नसतो आणि ते दुसऱ्या इन्सुलिनात मिसळायचे नसते.

संसर्गाच्या बाबतीत तीन गट पुरतात. क्षय, गोवर आणि कांजिण्या हवेतून पसरतात. खोली ऋण दाबाची आणि तोंडावर एन-९५. इन्फ्लुएंझा, डांग्या खोकला आणि मेनिंगोकोकसचा मेंदूज्वर थुंकीच्या थेंबांतून पसरतात. तिथे साधा सर्जिकल मास्क चालतो. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचे जुलाब स्पर्शातून पसरतात आणि त्यात सॅनिटायझर निरुपयोगी ठरतो. हात साबणपाण्यानेच धुवायचे.

खरी गोची पुस्तकाबाहेर आहे. भारतीय वॉर्डात बरेचसे निर्णय डॉक्टरांच्या राउंडवर होतात आणि ‘सरांना विचारते’ हे सुरक्षित उत्तर असते. एनक्लेक्समध्ये ते बऱ्याचदा चुकीचे उत्तर असते. धाप लागलेल्या रुग्णाला आधी टेकून बसवायचे, ऑक्सिजनची पातळी पाहायची आणि मग कळवायचे. श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण हा क्रम त्यासाठीच. काम वाटून देण्याचे प्रश्नही आपल्याकडच्या सवयीला छेद देतात. आंघोळ, चालवणे, स्थिर रुग्णाचे बीपी घेणे मदतनिसाला सांगता येते. पहिली तपासणी, रुग्णाला शिकवणे आणि परिणामाचा अंदाज घेणे हे परिचारिकेने स्वतःच करायचे. नातेवाइकांचे स्थानही निराळे. आपल्याकडे रुग्णाला इंग्रजी येत नसेल तर मुलगा दुभाषा होतो आणि वाईट बातमी आधी त्याच्याच कानावर जाते. तिथे शुद्धीवर असलेल्या प्रौढ रुग्णाचा निर्णय त्याचाच. प्रशिक्षित दुभाषा बोलवायचा, मुलगा नव्हे. या प्रश्नांत औषधशास्त्र काहीच नसते, तरी अनुभवी उमेदवार सर्वांत जास्त इथेच चुकतात. तीस वर्षांची ड्युटी इथे काही वेळा अडसरच ठरते.

उजळणीच्या पद्धतीबद्दल संशोधनाचा कौल बराच स्पष्ट आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये दाखवले की पुन्हा पुन्हा वाचलेले पाच मिनिटांनी जास्त आठवते, पण आठवड्यानंतर स्वतःची परीक्षा घेतलेल्यांची आठवण जास्त टिकते. हायलायटरने रंगवलेले पान ओळखीचे वाटते आणि ती ओळखच फसवते. म्हणून पुस्तक मिटून कागदावर लिहून पाहणे आणि रोज सरावप्रश्न सोडवणे बरे. बरोबर आलेल्या प्रश्नातले इतर तीन पर्याय का चुकीचे, हेही वाचायला हवे. त्या चार ओळींत पुष्कळदा आख्खा धडा असतो. ड्युटी सांभाळून अभ्यास करणाऱ्यांनी रात्रपाळीनंतर तीन तास पान उलटत बसण्यापेक्षा झोपून उठून पाऊण तास प्रश्न सोडवावेत. शेवटच्या दोन दिवसांत नवे प्रकरण उघडू नये; आकडे, उतारे, विलगीकरणाचे गट आणि इन्सुलिनच्या वेळा एवढेच डोळ्यांखालून घालावे. परीक्षाकेंद्रात पुसता येणारी पाटी मिळते. परीक्षा सुरू झाल्यावर नॉर्मल व्हॅल्यू तिच्यावर उतरवून ठेवल्या की निम्मे दडपण उतरते.

निकालात गुण नसतात, फक्त पास किंवा नापास. नापास उमेदवाराला एक अहवाल मिळतो, त्यात प्रत्येक विभागात तो रेषेच्या वर, जवळ की खाली आहे ते लिहिलेले असते. पुन्हा बसण्यासाठी किमान ४५ दिवस थांबावे लागते. पुढची उजळणी ‘खाली’ लिहिलेल्या विभागापासून सुरू करावी. पुस्तकाच्या पहिल्या पानापासून नव्हे.