वृक्षपरीक्षा

वैशाखातील रणरणत्या उन्हात ज्याच्या छायेत आपण घटकाभर विसावतो, तोच वृक्ष आषाढातील एखाद्या वादळी रात्री घराच्या छपरावर कोसळला, तर त्यास मित्र म्हणावे की शत्रू? २०२१ च्या मे महिन्यात ‘तौक्ते’ चक्रीवादळ मुंबईजवळून गेले, तेव्हा शहरातील शेकडो झाडे पडली. अशा प्रसंगानंतर भयभीत झालेले लोक आपापल्या आवारातील उभी झाडे तोडावयास निघतात. परंतु भीती ही चांगली पारखी नव्हे. कोणते झाड धोक्याचे आणि कोणते निर्धोक, हे ठरविण्याचे एक शास्त्र आहे. वैद्य जसा नाडी पाहून निदान करतो, तसा वृक्षतज्ज्ञ झाडाची परीक्षा करतो.

एका शाळेच्या आवारात दोन झाडे होती. मैदानाच्या कडेला एक जुनी चिंच होती. तिच्या बुंध्यात मोठी ढोली असून तीत पोपट राहत. फाटकाशी लाल फुलांनी डवरलेला गुलमोहर होता. चिंच पोकळ झाली आहे, ती केव्हा पडेल याचा नेम नाही, म्हणून ती तोडावी, असे शाळेच्या चालकांनी ठरविले. मात्र महाराष्ट्रातील शहरांत १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार स्वतःच्या आवारातील झाडही परवानगीवाचून तोडता येत नाही. त्यामुळे रीतसर अर्ज झाला आणि पाहणीसाठी एक वृक्षतज्ज्ञ आले.

त्यांच्या हाती कुऱ्हाड नव्हती. होती ती एक लाकडी मोगरी, एक मोजपट्टी आणि एक दुर्बीण. त्यांनी प्रथम विचारले, “या झाडांखाली कोण असते, आणि किती वेळ?” मुलांना नवल वाटले. तेव्हा ते म्हणाले, “निर्जन रानात झाड पडले, तर कोणाचीही हानी होत नाही. म्हणून आम्ही तीन गोष्टी पाहतो. झाड किंवा त्याची फांदी मोडण्याचा संभव किती, ती कोणावर पडण्याचा संभव किती, आणि पडल्यास हानी किती. या तिहींच्या विचारातून धोका ठरतो.”

नंतर त्यांनी दूर उभे राहून चिंचेचे चारही बाजूंनी निरीक्षण केले. दुर्बिणीने वाळक्या फांद्या हेरल्या. मोगरीने बुंध्यावर ठोकून आवाज ऐकला. निरोगी लाकडाचा आवाज भरीव येतो, पोकळ लाकडाचा ढोलासारखा. मग सुईसारखी बारीक शलाका खोडात शिरविणारे यंत्र लावून निरोगी लाकडाची जाडी मोजली. खोडाची त्रिज्या ४५ सेंटिमीटर होती आणि चोहोबाजूंचे निरोगी लाकूड १८ सेंटिमीटर जाड होते.

“ही चिंच इतक्यात पडणार नाही,” ते म्हणाले. पोकळ झाड म्हणजे दुबळे झाड, हा समज खरा नव्हे. वेळू पोकळ असूनही वाऱ्यात टिकतो, कारण वाकण्याचा ताण मुख्यतः बाहेरचा भाग सोसतो. खोडाची भिंत सर्वत्र सलग असून तिची जाडी त्रिज्येच्या एक-तृतीयांश असेल, तर आतला सर्व गाभा नाहीसा झाला तरी खोडाची ताकद सुमारे एक-पंचमांशच घटते. जर्मनीतील शास्त्रज्ञ क्लाउस मॅथेक यांनी दाखवून दिले आहे की, जेथे ताण अधिक पडतो तेथे झाड अधिक लाकूड वाढवते. म्हणून खोडावरील फुगवटे आणि कंगोरे ही जणू झाडाची भाषाच होय. तज्ज्ञ ती वाचतो.

यानंतर ते गुलमोहराकडे वळले. तो हिरवागार दिसत होता; त्याविषयी कोणासही शंका नव्हती. परंतु तज्ज्ञांची दृष्टी फुलांवर न जाता जमिनीवर गेली. पश्चिमेच्या बाजूस मातीला भेग पडली होती आणि बुंध्याशी आळंबी उगवली होती. दोन वर्षांपूर्वी त्याच बाजूने, खोडापासून अवघ्या दीड हातावर, गटारासाठी चर खणला गेला होता आणि तेव्हा जाड मुळे तोडण्यात आली होती. झाडाची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या थरातच दूरवर पसरलेली असतात. राहुटीला तणावे धरून ठेवतात, तशी ती झाडाला धरून ठेवतात. आपल्याकडे पावसाळी वारे बहुधा पश्चिमेकडून येतात, आणि तुटलेले तणावे नेमके त्याच बाजूचे होते! पावसाने माती भिजून सैल झाली की उरलेली मुळे तो भार सोसणार नव्हती; आणि त्या फाटकातून रोज शेकडो मुले ये-जा करीत.

निर्णय झाला. गुलमोहर पावसाळ्यापूर्वी काढावा. चिंच राखावी, तिच्या वाळक्या फांद्या छाटाव्यात, तिच्याखालचे बाक हलवावेत आणि दरवर्षी पुन्हा तपासणी करावी. एका मुलीने डोळे पुसत विचारले, “काका, गुलमोहराचा काय अपराध?” तज्ज्ञ म्हणाले, “बाळ, अपराध त्याचा नव्हे. विचार न करता चालविलेल्या कुदळीचा आहे.”

मित्रहो, हे उत्तर आपण ध्यानी ठेवावे. अनेक झाडे वाऱ्याने पडण्यापूर्वी माणसाच्या हातून दुबळी झालेली असतात. कोणी मुळे तोडतो, कोणी एकाच बाजूच्या फांद्या छाटून तोल बिघडवितो, कोणी बुंध्याभोवती सिमेंट ओततो. दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढावे, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणास २०१३ साली द्यावा लागला.

कोणताही तज्ज्ञ झाड कधीच पडणार नाही अशी हमी देऊ शकत नाही. परंतु योग्य वेळी केलेल्या परीक्षेने धोका पुष्कळ कमी होतो. आपणही जाता-येता झाडाकडे डोळसपणे पाहावे. नव्याने आलेला कल, मातीतील भेग, बुंध्यावरील आळंबी दिसली, तर त्या झाडाखाली न थांबता वडील माणसांस सांगावे. त्यामुळे एखाद्याचा प्राण वाचेल. आणि कदाचित एखाद्या निरपराध चिंचेचाही.