संकेतस्थळाचा आढावा घ्यायचा म्हणजे नक्की काय करायचं? कर्जत-खालापूरच्या सातबाऱ्यावरून एक धडा

"मांडणी आकर्षक आहे." "थोडं किचकट वाटलं." "रंग अजून चांगले चालले असते." संकेतस्थळाच्या वापरसुलभतेवर प्रकल्प करायला घेतला की आपल्या वहीत पहिल्या दिवशी अशीच वाक्यं येतात. माझ्याही आली होती. ही मतं आहेत, आणि मत असणं वाईट नाही. पण मार्गदर्शकांनी "हे तुम्हाला कसं कळलं?" असं विचारलं की आपण गप्प होतो.

तर आज मत आणि निष्कर्ष यांच्यामधली वाट बघूया. उदाहरण म्हणून घेऊया महाभूलेख, म्हणजे जमिनीचा सातबारा, ८अ आणि मालमत्ता पत्रक बघायचं राज्य शासनाचं संकेतस्थळ. आणि वापरणारी माणसं घेऊया कर्जत-खालापूरची. मुंबई आणि पुण्याच्या मध्ये असल्यामुळे इथे फार्महाऊससाठी जमिनीचे व्यवहार सतत चालू असतात, आणि त्याच डोंगरउतारांवर ठाकूर आणि कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. सातबाऱ्यावर नाव कोणाचं आहे, इतर हक्कांत काय लिहिलंय, हे वेळेवर दिसणं किंवा न दिसणं हा इथे एखाद्या घराचा प्रश्न असू शकतो.

आधी प्रश्न नीट लिहा

वापरसुलभतेची सगळ्यात जास्त वापरली जाणारी व्याख्या आयएसओ ९२४१-११ या मानकात आहे (१९९८, सुधारित २०१८). तिचा गाभा असा: ठरावीक वापरकर्त्यांना, ठरावीक परिस्थितीत, ठरावीक उद्दिष्ट किती परिणामकारकपणे, किती कमी खर्चात आणि किती समाधानाने गाठता येतं.

'ठरावीक' हा शब्द तीनदा आलाय, तो उगाच नाही. "महाभूलेख वापरायला सोपं आहे का?" हा संशोधनप्रश्न होऊ शकत नाही, कारण कोणाला, कुठे, कशासाठी, यातलं काहीच त्यात नाही. आता हा बघा: "खालापूर तालुक्यातल्या वाडीवर राहणाऱ्या, सर्व्हे नंबर पाठ नसलेल्या माणसाला स्वतःच्या मोबाइलवर आपल्या नावावरची जमीन शोधता येते का, आणि शोधल्यावर ती आपलीच असल्याची खात्री पटते का?" या प्रश्नाचं उत्तर मोजता येतं. प्रश्न लांबला तरी चालेल, ढगळ नको.

तज्ज्ञ-तपासणी: यातून गृहीतकं मिळतात

याकोब निल्सन आणि रॉल्फ मोलिश यांनी १९९० मध्ये ही पद्धत मांडली. काही तपासनीस स्वतंत्रपणे संकेतस्थळ चाळतात आणि ठरलेल्या तत्त्वांच्या यादीशी ताडून त्रुटी नोंदवतात. आज वापरली जाणारी दहा तत्त्वांची यादी निल्सन यांची, १९९४ ची. इथे 'स्वतंत्रपणे' फार महत्त्वाचं. निल्सन यांच्या आकडेवारीत एकट्या तपासनिसाला सरासरी ३५ टक्केच त्रुटी सापडल्या होत्या, म्हणून ते तीन ते पाच जण सुचवतात. एकट्याने केलेली तपासणी अहवालात 'तज्ज्ञ-तपासणी' म्हणून छापू नका.

आता महाभूलेखचा मार्ग बघा. आधी महसुली विभाग, मग जिल्हा, तालुका, गाव, आणि मग सर्व्हे किंवा गट नंबरने नाहीतर नावाने शोध. दोन तत्त्वं लावून बघू.

पहिलं, यंत्रणेची भाषा वापरणाऱ्याच्या जगाशी जुळते का? यादीतलं 'गाव' म्हणजे महसुली गाव. पण वाडीवरच्या माणसाला "गाव कुठलं?" विचारलं तर तो वाडीचं नाव सांगतो. वाडी हे बहुतेक वेळा स्वतंत्र महसुली गाव नसतं, त्यामुळे ते नाव यादीत सापडणार नाही. त्यात रायगडमधल्या कितीतरी महसुली गावांच्या नावापुढे 'तर्फ अमुक' अशी जोड असते, जी बोलण्यात कोणी वापरत नाही.

दुसरं, आठवायला लावण्यापेक्षा ओळखू द्या. सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर आठवावा लागतो. नावाने शोधायचं तर नोंदीत ते कसं लिहिलंय यावर अवलंबून. 'ठाकूर' की 'ठाकुर', आजोबांचं नाव की वडिलांचं?

इथपर्यंत आलं की नवशिक्या आढावाकर्ता लगेच शिफारस लिहितो: "एवढ्या याद्या कशाला? गुगलसारखी एकच शोधपेटी द्या." जरा थांबा. त्या पेटीत 'कर्जत' टाकलं तर काय होईल? महाराष्ट्रात कर्जत तालुके दोन आहेत. एक रायगडमध्ये, कोकण विभागात. दुसरा अहिल्यानगर जिल्ह्यात, नाशिक विभागात. विभाग-जिल्हा-तालुका ही कंटाळवाणी उतरंड नेमका हाच घोळ टाळते. म्हणजे जी गोष्ट आपण त्रुटी म्हणून नोंदवणार होतो, ती एका मोठ्या चुकीपासूनचं संरक्षण निघाली. कुठलीही रचना "वाईट" ठरवण्याआधी ती कोणता प्रश्न सोडवण्यासाठी तिथे असेल, हे एकदा स्वतःला विचारा.

आणि लक्षात ठेवा, तज्ज्ञ-तपासणीतून मिळतात ती गृहीतकं. वाडीवरचा माणूस 'गाव' या शब्दापाशी अडतो, हे अजून आपण पाहिलेलं नाही.

पाच माणसं पुरतात का?

"पाच वापरकर्ते पुरे" हे वाक्य तुम्ही कुठेतरी वाचलं असेलच. ते आलं निल्सन आणि थॉमस लँडाउअर यांच्या १९९३ च्या कामातून. त्यांच्या प्रकल्पांत एखादी त्रुटी एका वापरकर्त्याकडून उघड होण्याची सरासरी शक्यता ३१ टक्के होती. मग पाच जणांत ती निदान एकदा दिसण्याची शक्यता १ − (०.६९)^५, म्हणजे साधारण ८४ टक्के.

गणित बरोबरच आहे. पण ३१ टक्के हा आकडा तुमच्या संकेतस्थळाचा नाही. एखादी त्रुटी दहातल्या एकालाच नडत असेल तर १ − (०.९)^५, म्हणजे फक्त ४१ टक्के. आणि जी त्रुटी थोड्यांनाच नडते, ती कधीकधी सगळ्यात गरजू माणसांनाच नडते.

दुसरी गल्लत याहून मोठी. पाच माणसं त्रुटी *शोधायला* ठीक आहेत, यशाचं प्रमाण *सांगायला* नाहीत. पाचपैकी पाच जणांना सातबारा सापडला, म्हणून "१०० टक्के यश" लिहू नका. अचूक द्विपद पद्धतीने ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल काढला तर त्याची खालची मर्यादा येते ४८ टक्के. म्हणजे खरं प्रमाण निम्म्याहून कमी असण्याची शक्यताही तुमच्या माहितीने नाकारलेली नाही.

मधला माणूस विसरू नका

माझी स्वतःची चूक सांगते. पहिल्या पायलटला मी विभागातलेच विद्यार्थी घेतले. लॅपटॉप, कॅम्पसचं वायफाय, हातात सर्व्हे नंबरची चिठ्ठी. सगळ्यांना जमलं. मी खूश. मग एका ओळखीच्या काकांनी सहज विचारलं, "अगं, पण आम्ही कुठे ते स्वतः उघडतो? पुतण्या काढून देतो, नाहीतर सेवा केंद्रवाला."

माझा अख्खा पायलट तिथेच कोसळला. यावर संशोधन आहे. नित्या संबासिवन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मध्यस्थामार्फत होणाऱ्या तंत्रज्ञान-वापरावर निबंध मांडला. ज्याला माहिती हवी तो आणि ज्याच्या हातात यंत्र आहे तो, अशी दोन वेगळी माणसं असतात. केंद्रचालकाचा वेळ मोजलात तर संकेतस्थळ उत्तम ठरेल. पण मागे उभ्या असलेल्या माणसाला पडद्यावरचं समजलं का?

आता एक ठोस गोष्ट. महाभूलेखवर फुकट दिसणारा सातबारा फक्त माहितीसाठी असतो, तो कायदेशीर कामाला चालत नाही. त्यासाठी डिजिटल स्वाक्षरीचा उतारा वेगळ्या ठिकाणी १५ रुपये भरून काढावा लागतो. हा फरक कोणाला कळतो, पुतण्याला की काकांना? म्हणून नंतर मी दोन मोजमापं वेगळी केली: चालवणाऱ्याचं यश आणि मालकाचं आकलन. आकलनासाठी शेवटी एकच विनंती: "यात काय लिहिलंय ते तुमच्या शब्दांत सांगा."

प्रश्नावली आणि सुगम्यता

समाधान मोजायला बहुतेक जण एसयूएस घेतात. जॉन ब्रुक यांनी ती १९८६ मध्ये तयार केली. दहा विधानं, पाच पर्याय. विषम विधानांच्या उत्तरातून १ वजा, सम विधानांचं उत्तर ५ मधून वजा, बेरीज गुणिले २.५. येणारा आकडा ० ते १०० मध्ये असला तरी टक्केवारी नाही. सरासरी ६८ च्या आसपास धरली जाते, त्यामुळे ६० म्हणजे "फर्स्ट क्लास" नव्हे.

मराठीत आणखी एक अडचण. सम विधानं नकारात्मक सुराची आहेत. "हे विनाकारण किचकट आहे" याला "असहमत" म्हणणं म्हणजे दुहेरी नकार, आणि तोंडी विचारताना बरेच जण तिथे गडबडतात. भाषांतर करा, दुसऱ्याकडून ते उलट भाषांतरित करून घ्या, आणि आधी दोन-चार जणांवर तपासा.

सरकारी संकेतस्थळ असेल तर भारत सरकारची जीआयजीडब्ल्यू मार्गदर्शक तत्त्वंही बघा (पहिली २००९, तिसरी आवृत्ती २०२३). आणि डब्ल्यूसीएजी. त्यात एए पातळीला साध्या मजकुराचा रंगभेद किमान ४.५ : १ लागतो. हे साधनाने मोजता येतं, म्हणजे "रंग फिके वाटले" हे वाक्य खोडून तिथे आकडा लिहिता येतो.

लिहिताना

प्रत्येक त्रुटीला ० ते ४ अशी तीव्रता द्या: किती जणांना नडते, किती नडते, पुन्हा पुन्हा नडते का. तपासणीची तारीख आणि पडद्याची छायाचित्रं ठेवा, कारण संकेतस्थळं बदलतात. संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता आणि माणसांची संमती आधी घ्या. सातबारा कोणालाही बघता येत असला तरी प्रबंधात खरा गट नंबर छापलात तर तुमचा सहभागी कोण हे गावाला कळतं. कॅप्चा चुकवून माहिती ओढणं तर नकोच.

आणि चाचणीत माणूस अडला की "तुमचं चुकलं" असं त्याला वाटू देऊ नका. सुरुवातीलाच सांगा, "काका, परीक्षा तुमची नाही, या संकेतस्थळाची आहे." हे फक्त सौजन्य नाही. ज्याला आपली परीक्षा चालू आहे असं वाटतं तो अडचण लपवतो, आणि आपण तर तीच शोधायला गेलेलो असतो.

आता तुमचं काम. तुमच्या गावातलं एक माणूस, एक संकेतस्थळ आणि एक खरं उद्दिष्ट निवडा, आणि 'ठरावीक' या तिन्ही जागा भरून एक प्रश्न लिहा. कागदावर लिहा, मनात नको. मग तो त्याच माणसाला वाचून दाखवा. "हो, हीच माझी अडचण" असं तो म्हणाला, तर तुमच्या प्रकल्पाचा पहिला पानभर मजकूर तयार आहे असं समजा.