आजोबांची भरमार

गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीहून सूरजागडकडे निघाले की मातीचा रंग बदलतो. डोंगराच्या पायथ्याचा एखादा दगड उचलला तर आकाराच्या मानाने तो भलताच जड लागतो. हे लोहखनिज. याच डोंगरावर ठाकूरदेवाचे ठाणे आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिथे यात्रा भरते आणि परिसरातल्या सत्तर गावांचे माडिया आदिवासी देवाला येतात. या मुलखातल्या जुन्या घरांत वडिलोपार्जित सोनेनाणे फारसे मिळणार नाही. अनेक घरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली ती आजोबांची भरमार बंदूक.

भरमार म्हणजे ठासणीची बंदूक. लांब लोखंडी नळी, तिच्याखाली जंगलातल्या लाकडाचा दस्ता आणि कडेला गज. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, त्यावर चिंधीचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा आणि प्रत्येक वेळी गजाने ठासायचे. मागे टोपी बसवायची आणि घोडा ओढायचा. एवढे केल्यावर बार होतो एकच. नेम चुकला तर सगळे पहिल्यापासून. रानडुकराने तेवढा वेळ दिला तर!

शहरातल्या जुन्या घराण्यात पणजोबांचे रिव्हॉल्व्हर असेल, तर त्यावर कारखान्याचे नाव आणि क्रमांक कोरलेला असतो, सोबत परवान्याचे पुस्तक असते. अशा शस्त्राचा माग कागदावर काढता येतो. गावच्या कारागिराने घडवलेल्या भरमारीवर असे काहीच कोरलेले नसते. कुणी घडवली, कुणाच्या हातात होती, हे सांगणारा म्हातारा गेला की तिचा इतिहासही गेला.

आणि इतिहास तर इथे पाचवीला पुजलेला. 1858 मध्ये मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी गोंड-माडिया तरुणांची फौज उभी करून इंग्रजांशी झुंज दिली. 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. पुढे 1878 च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा 1959 चा. त्यात पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद स्पष्ट शब्दांत आहे. मोहाच्या झाडाखाली माळा बांधून धान राखणाऱ्याची गरज कायद्यालाही ठाऊक होती. मात्र 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दिवस संपले. 1980 च्या सुमारास गोदावरी ओलांडून नक्षलवाद्यांची सशस्त्र पथके, म्हणजे दलम, आले आणि त्यांच्याही खांद्यावर भरमारी दिसू लागल्या. डुकरे हाकायची आजोबांची बंदूक तेव्हापासून घराला जोखीम झाली. ठेवावी तर पोलिसांचा संशय, शिवाय दलम मागेल ही भीती.

कर्नाटकातल्या कोडगूत चित्र वेगळे आहे. तिथल्या कोडव समाजाला इंग्रजांच्या काळापासून परवान्यातून सूट आहे. कैलपोद सणाला ते बंदुकीची पूजा करतात आणि केंद्र सरकारने ही सूट 2029 पर्यंत वाढवली आहे. गडचिरोलीच्या आदिवासींना अशी सूट नाही. गेल्या काही वर्षांत पोलिसांच्या आवाहनाला प्रतिसाद देऊन गावकरी वडिलोपार्जित भरमारी स्वतःहून ठाण्यात जमा करत आहेत. ते योग्यच आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदुकीची शिक्षा किमान दोन वर्षांची झाली. परवानाधारकालाही आता दोनच बंदुका ठेवता येतात आणि वारशाने आलेली त्या दोनांतच धरली जाते. मात्र दुरुस्त करूनही चालणार नाही असे निकामी किंवा पुरातन शस्त्र कायद्याच्या 45 व्या कलमाने वगळले आहे. म्हणजे अशा भरमारीला संग्रहालयाची वाट मोकळी आहे.

सूरजागडचे लोहखनिज 2016 पासून ट्रकांनी बाहेर जाऊ लागले. डोंगराचे रूप डोळ्यांदेखत बदलते आहे. अशा वेळी आजोबांची बंदूक मुद्देमालाच्या कोठडीत नुसता एक नग म्हणून पडावी, हे मनाला पटत नाही. बंदूक जावी, तिची गोष्ट राहावी.

म्हणून या भागातल्या शिक्षकांना, महाविद्यालयातल्या मुलामुलींना आणि पोलीस अधिकाऱ्यांना एक विनंती आहे. भरमार जमा होताना तिचा फोटो काढा. आणणाऱ्या माणसाला बसवून चहा द्या आणि ती कुणी घडवली, कुणी वापरली, कोणते रान राखले, हे त्याच्याच माडिया बोलीत मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. निकामी असेल तर नावानिशी संग्रहालयात ठेवा. या कामाला अर्धा तास पुरतो, आणि तो अर्धा तास सांगणारा आहे तोवरच मिळेल.