फुकटचा अँटीव्हायरस : संरक्षण किती, ओझं किती?

भिवंडीत धामणकर नाका परिसरात काय किंवा शहरात इतरत्र काय, ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या छोट्या दुकानांवर आपल्यापैकी अनेकांचं काम अवलंबून असतं. मुलांच्या स्कॉलरशिपचे फॉर्म, यंत्रमागवाल्यांची ई-वे बिलं, आधार-पॅनच्या प्रती, सगळं बहुतेक वेळा एकाच जुन्या कॉम्प्युटरवर. ही कागदपत्रं लोकांची अमानत आहेत. म्हणून दुकानदार अँटीव्हायरस टाकतात, आणि तो फुकटचा असतो. तो नेमकं काय काय करतो, हे आज आपण समजून घेऊ.

सोबत काय येतं?

अँटीव्हायरसचं खरं काम एकच : फाइल तपासणे आणि धोकादायक असेल तर अडवणे. पण फुकटच्या पॅकेजमध्ये आणखी बरंच काही येतं. वेगळा ब्राउझर, व्हीपीएन, ड्रायव्हर अपडेटर, ‘पीसी क्लीनर’. यातलं बरंच काही कॉम्प्युटर सुरू होताच मागे चालू राहतं आणि रॅम खातं. शेवटच्या तारखेला फॉर्म भरताना मशीन अडकते, त्यामागे हेही एक कारण असू शकतं.

मग ‘1200 समस्या सापडल्या’ अशी लाल खिडकी उघडते. त्यातल्या बहुतेक ‘समस्या’ म्हणजे तात्पुरत्या फाइल्स आणि कुकीज, व्हायरस नव्हे. दुरुस्त करायला गेलं की पैसे मागतात. रजिस्ट्री साफ करणाऱ्या प्रोग्रामना तर खुद्द मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही.

फुकट कसं परवडतं?

कंपनीला कमाई कुठून तरी करावीच लागते. कोणी पेड आवृत्ती विकतं, कोणी जाहिराती दाखवतं. अवास्ट कंपनीचं प्रकरण त्याहून गंभीर होतं. लोक कोणत्या वेबसाइट पाहतात याची माहिती तिने गोळा केली आणि जम्पशॉट या उपकंपनीमार्फत 100 पेक्षा जास्त कंपन्यांना विकली, असा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला. जानेवारी 2020 मध्ये बातम्या आल्यावर जम्पशॉट बंद झाली. फेब्रुवारी 2024 मध्ये अवास्टला 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावण्याचा आदेश जाहीर झाला. राखणदारच घरातली खबर बाहेर विकत होता, असा हा मामला.

मग करायचं काय?

विंडोज 10 आणि 11 मध्ये डिफेंडर हा अँटीव्हायरस आधीपासूनच असतो. वेगळे पैसे नाहीत, जाहिराती नाहीत. साध्या दुकानाला किंवा घराला तो पुरेसा आहे, असं आमचं मत. दुसरा अँटीव्हायरस टाकला की तो सहसा आपोआप बाजूला होतो. त्यामुळे दोन-दोन टाकून दुप्पट संरक्षण मिळत नाही. उलट मशीन जड होते.

जुना अँटीव्हायरस काढायचा असेल तर कंपनीच्या वेबसाइटवरचं अनइन्स्टॉल टूल वापरा. मशीन रीस्टार्ट करून ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा आणि डिफेंडर चालू झाला की नाही ते बघा. आणखी मदत हवी असेल तर केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या वेबसाइटवर सफाईची मोफत टूल्स मिळतात. फुकटचाच अँटीव्हायरस ठेवायचा असेल तर इन्स्टॉल करताना घाईघाईत ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबू नका. ‘कस्टम’ निवडा आणि नको त्या टिका काढून टाका.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. क्रॅक केलेलं विंडोज किंवा सॉफ्टवेअर टाकताना ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’ असं सांगतात. बरेचदा व्हायरस त्याच वाटेने आत शिरतो. तसंच विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आहे. शक्य असेल त्यांनी 11 वर जावं.

ग्राहकांचे आधार-पॅन काम झाल्यावर मशीनमधून काढून टाका, हिशेबाची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. आणि फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर लाजू नका, वेळ घालवू नका, लगेच 1930 वर फोन करा.