पपईचा शत्रू परदेशातून आला, शत्रूचा शत्रूही तिकडूनच आणला

"साहेब, तीन वेळा औषध मारलं, पण हे पांढरं काही हटेना." पपईच्या बागेत पाऊल टाकलं की ही तक्रार ठरलेली. पानामागे, देठाला, फळावर कापूस चिकटल्यासारखा थर. तो पिठ्या ढेकूण. अंगावर मेणाचा थर असल्यानं फवारा वरूनच ओघळून जातो, आणि मादी कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी घालून मोकळी होते.

हा ढेकूण आपल्याकडचा नव्हे. तो मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. भारतात 2008 मध्ये तो पहिल्यांदा कोइमतूरला सापडला. तिथून कर्नाटक, केरळ, महाराष्ट्रात पसरला. पपईच नव्हे, तर तुती, टॅपिओका, जास्वंद, एवढंच काय बांधावरचं गाजर गवतही त्यानं धरलं. तुती गेली तिथं रेशीमवाल्यांचं उत्पन्न बुडालं.

मेक्सिकोत मात्र हा ढेकूण कुणाला फारसा ठाऊकही नव्हता. कारण सोपं आहे. तिथं त्याला खाणारे कीटक आहेत. ढेकूण समुद्र ओलांडून आला, त्याचे शत्रू मात्र तिकडेच राहिले.

मग ते शत्रू आणायचे कसे? हे एकट्या शेतकऱ्याचं काम नाही, आणि औषध कंपनीचंही नाही. बागेत एकदा सोडलेला मित्रकीटक आपला आपण वाढतो. तो दरवर्षी विकता येत नाही, म्हणून त्यात नफा नाही. असं काम सरकारनंच करावं लागतं, तेही दोन देशांच्या सरकारांनी मिळून.

तसंच झालं. अमेरिकेच्या कृषी खात्यानं याच ढेकणासाठी पोर्टो रिको बेटावर मित्रकीटक वाढवले होते. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या बंगळूर इथल्या कीटक संस्थेनं रीतसर परवानगी काढून जुलै 2010 मध्ये तीन जातींच्या बारीक गांधीलमाश्या तिथून मागवल्या. आणल्या आणि सोडल्या, असं मात्र केलं नाही. आधी बंद प्रयोगशाळेत विलगीकरण, मग इतर उपयोगी कीटकांना त्यांचा त्रास होत नाही ना याची तपासणी. त्यानंतर बटाट्याच्या कोंबांवर ढेकूण वाढवून त्यावर या माश्यांची पैदास केली आणि मग बागांत सोडल्या. कृषी विद्यापीठं आणि रेशीम खात्याची माणसंही कामाला लागली. अॅसेरोफेगस पपाये ही जात सर्वांत जोमदार निघाली. वर्षभरातच अनेक भागांत ढेकणाचा जोर ओसरला. महाराष्ट्रातही ही माशी स्थिरावली.

ही माशी एक मिलिमीटरपेक्षाही लहान असते. माणसाला डसत नाही. ती लहान ढेकणाच्या पोटात अंडं घालते. अळी त्याला आतून खाते. ढेकूण सुकून तपकिरी, फुगीर खोळ उरते आणि तिला गोल भोक पाडून नवी माशी बाहेर पडते.

हा मार्ग आपल्याला नवा नाही. गाजर गवत खाणारा मेक्सिकन भुंगा आपल्या वाचकांनी पाहिलेला आहे. तोही 1983 च्या सुमारास मेक्सिकोतून आणलेला. अगदी अलीकडे टॅपिओकावरच्या दुसऱ्या एका पिठ्या ढेकणासाठी आफ्रिकेतल्या बेनिन देशातून मित्रकीटक आणून 2022 मध्ये सोडले.

शेतकरी बंधूंनो, एवढ्या लांबून आणलेला हा सोबती आपल्याच पंपानं मरू नये. पांढरं दिसलं की लगेच फवारू नका. आधी पान उलटं करून बघा. भोकं पडलेल्या तपकिरी खोळी दिसल्या तर समजा, माशी कामाला लागली आहे, थोडं थांबा. जहाल औषधानं ढेकूण मेणाखाली वाचतो, मरते ती माशीच. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर तिचा बंदोबस्त करा. ढेकणाचा गोड चिकटा खायला मिळतो म्हणून मुंग्या त्याची राखण करतात आणि माशीला जवळ येऊ देत नाहीत. बांधावरचं गाजर गवत काढा. खोळी कुठंच दिसत नसतील तर कृषी सहायक किंवा कृषी विज्ञान केंद्राकडे जाऊन मित्रकीटकांबद्दल विचारा.

सरपंच आणि ग्रामसेवकांनाही एक विनंती. गावात अनोळखी कीड दिसली तर पान-फळासकट नमुना बंद पिशवीत घालून त्याच दिवशी कृषी कार्यालयात पोचवा. परदेशातून येणाऱ्या पाहुण्यांना फळं, रोपं, कलमं पिशवीतून आणू नका असं सांगा. तपासणी आणि परवान्याशिवाय ती आणणं कायद्यानंही मना आहे. कीड यायला एक पिशवी पुरते. तिचा शत्रू शोधून आणायला दोन सरकारं आणि दोन वर्षं लागली. तेवढ्या काळात किती बागा मोडल्या, ते मोडणाऱ्यांनाच विचारा.