धायटी म्हणजे धावडा नव्हे

भंडारा जिल्ह्यातलं आसगाव चौरास पट्ट्यात येतं. धान आणि भाजीपाला पिकवणाऱ्या या भागात अंगणासाठी झुडूप हवं असलं की लोक नर्सरीतून जास्वंद, एक्झोरा किंवा हमेलिया आणतात. जिल्ह्याच्या बरड टेकड्यांवर फेब्रुवारी-मार्चमध्ये लालभडक फुलणारी धायटी मात्र कुणाच्या फाटकाजवळ दिसत नाही. या झुडपाबद्दलचे गैरसमज हे त्याचं मोठं कारण आहे.

पहिला घोळ नावाचा. धायटीला अनेक जण धावडा समजतात. धावडा उंच वृक्ष आहे, गुळगुळीत पांढुरक्या खोडाचा, डिंक देणारा. धायटी झुडूपच राहते, फार तर दोन-तीन मीटर, आणि तिच्या तांबूस सालीचे पातळ पापुद्रे निघतात. राज्यपुष्प ताम्हण, मेंदी आणि डाळिंब ही धायटीच्या कुळातली मंडळी. धावड्याचं कूळ निराळं, अर्जुन आणि बेहड्याचं.

हमेलियाशीही गल्लत होते, कारण दोन्हींची फुलं नळीसारखी आणि तांबडी. शंका आली तर एक पान तोडून उलटं करा आणि उन्हापुढे धरा. धायटीच्या पानाची खालची बाजू राखाडी, लवदार असते आणि तिच्यावर बारीक काळे ठिपके दिसतात. पानाला देठ जवळजवळ नसतोच. हमेलियाची फुलं फांदीच्या टोकाला येतात. धायटीची फुलं फांदीभर, पानांच्या बगलेत झुबक्यांनी लगडतात. फुलण्याच्या दिवसांत बरीच पानं झडलेली असतात, त्यामुळे अख्खी फांदीच लाल दिसते.

त्या लाल नळीला सगळे पाकळ्या म्हणतात, पण ते खरं नाही. ती निदलपुंजाची नळी आहे, जेमतेम सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरची. खऱ्या पाकळ्या सहा, इतक्या अरुंद की शोधाव्या लागतात. आत बारा पुंकेसर बाहेर डोकावतात. नळीतला मध प्यायला शिंजीर आणि मधमाश्या दिवसभर येतात.

‘या फुलांनी दारू होते’ असंही ऐकू येतं. आयुर्वेदातल्या आसव-अरिष्टांत धायटीची, म्हणजे धातकीची, फुलं घालतात, ही गोष्ट खरी. पण मोहाच्या फुलात जशी भरपूर साखर असते तशी हिच्यात नसते. आंबण्यासाठी लागणारी साखर गूळ-मधातून येते. आंबवण्याचं काम यीस्टचं, आणि ते फुलांबरोबर येतं.

आता लावण्याचं. ‘रानातलं झाड उपटून आणलं की लागतं’ या समजुतीपायी कितीतरी चांगली झाडं मरतात. जुनं झुडूप उपटताना मुळं तुटतात आणि ते जगत नाही. पवनी तालुक्यातल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यातून रोप उपटणं तर कायद्याने गुन्हा आहे. बी वापरा. फुलं सरल्यावर धरणारी बोंडं वाळली की त्यातून धुळीसारखं बारीक बी निघतं. ते वाळूमिश्रित मातीवर नुसतं भुरभुरवा, वर माती लोटू नका आणि पाणी फवाऱ्यानेच द्या. मातीखाली गाडलेलं बी उगवत नाही, म्हणून ‘बियांपासून येत नाही’ अशी ओरड होते. पहिल्या वर्षी फुलाची अपेक्षा नको.

‘चांगली जमीन आणि भरपूर पाणी दिलं की जास्त फुलेल’ हाही समज सोडा. बरडी जमीन तिला मानवते. कन्हारीत, म्हणजे भारी काळ्या जमिनीत, पाणी साचून मुळं कुजतात. अंगणात कन्हार असेल तर मुरूम घालून उंचवटा करा आणि त्यावर, पूर्ण उन्हात, रोप लावा. फुलं गेल्या हंगामातल्या फांद्यांवर येतात, म्हणून छाटणी फुलं संपल्यावर, पावसाळ्याआधीच करा. दिवाळीची साफसफाई म्हणून फांद्या कापल्या तर येत्या हंगामाची फुलं गेलीच.

यंदा एप्रिल-मेमध्ये एखाद्या ओळखीच्या शेताच्या धुऱ्यावर धायटी दिसली तर मालकाला विचारून मूठभर बोंडं घ्या, झाडाला हात लावू नका, आणि जूनमध्ये पावसाचा थेट मार लागणार नाही अशा जागी पेरा.