आधी कान, मग अक्षर

बालकाच्या बाप्तिस्म्याच्या विधीत एक छोटासा क्षण असतो. फोटो काढण्याच्या गडबडीत तो बहुधा आपल्या नजरेतून निसटतो. धर्मगुरू बालकाच्या कानांना आणि त्यानंतर मुखाला अंगठ्याने स्पर्श करून प्रार्थना करतात. मार्कलिखित शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशूने बहिऱ्या व अडखळत बोलणाऱ्या माणसाला बरे करताना जो अरामी शब्द उच्चारला, त्यावरून या भागाला ‘इप्फाथा’ असे म्हणतात. तो ऐच्छिक असल्याने सर्वत्र होतोच असे नाही. परंतु त्यातील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी कान, मग मुख. मुलांना वाचायला शिकवताना आपण नेमका हाच क्रम मोडतो आणि मग मूल वाचत नाही म्हणून त्यालाच दोष देतो, असे आमचे मत आहे. हे मत आम्हांला सहजासहजी सुचलेले नाही. आमच्या हातून घडलेल्या एका चुकीतून ते आले.

प्रथम कम्युनियनच्या तयारीच्या वर्गात आठ वर्षांचा एक मुलगा होता. प्रभूची प्रार्थना, नमो मरिया, पश्चात्तापाची प्रार्थना सारे त्याला तोंडपाठ. बाराखडीही तो धडाधड म्हणत असे. पण पुस्तकातील एक ओळ वाच म्हटले की तो खाली मान घालून गप्प उभा राही. आम्ही त्याला आळशी ठरवले, एकदोनदा सर्वांसमोर बोललोही. पुढे बालवाडीत पुष्कळ वर्षे शिकवलेल्या एका सिस्टरांनी त्याला जवळ बसवून पुस्तक मिटले आणि विचारले, “बाळा, कमळ हा शब्द म्हण. आता त्यातला क काढून टाक. काय उरले, सांग बघू?” मुलगा थोडा वेळ विचार करून म्हणाला, “सिस्टर, फूल.”

आम्हांला हसू आले; सिस्टरांना आले नाही. त्या मुलाच्या लेखी ‘कमळ’ म्हणजे तळ्यातले फूल होते. तो शब्द ध्वनींचा बनलेला आहे, ते ध्वनी सुटे करता येतात, हे त्याच्या कानावर कधी पडलेच नव्हते. ज्याला शब्दातील ध्वनी सुटे ऐकू येत नाहीत, त्याने अक्षरे जोडायची तरी कशाशी? त्याने बाराखडी पाठ केली होती ती एखाद्या गाण्यासारखी, आणि अक्षरे ओळखत होता ती चित्रांसारखी.

भाषेची सुरुवात कानापासून होते, आणि तीही जन्माआधी. गर्भावस्थेच्या शेवटच्या तिमाहीत बाळाला आईचा आवाज ऐकू येत असतो. नवजात अर्भक इतर स्त्रियांच्या आवाजापेक्षा आपल्या आईचा आवाज अधिक पसंत करते, हे १९८० साली प्रयोगाने दाखविण्यात आले. त्याहून नवलाची गोष्ट कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी १९८४ साली मांडली. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना त्यांनी हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ हे ध्वनी ऐकवले. बाळांना त्यांतील फरक कळला. परंतु दहा ते बारा महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो कळेनासा झाला होता, कारण त्यांच्या घरात तो फरक कोणी बोलतच नव्हते. म्हणजे आपले बाळ पहिला शब्द बोलण्यापूर्वीच त्याच्या कानाने घरातील भाषा निवडलेली असते. आपण त्याच्याशी काय बोलतो, किती बोलतो, हे त्या महिन्यांत वाया जात नाही.

तोंड मात्र कानाच्या मागून चालते. प, ब, म हे ओठांचे ध्वनी लवकर येतात. र, श, ळ यांसारखे ध्वनी अनेक मुलांच्या जिभेवर चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत, कधी त्यानंतरही नीट बसत नाहीत. तीन वर्षांचे मूल ‘राजा’ला ‘लाजा’ म्हणते. आपण कौतुकाने ‘लाजा’ म्हणून दाखवले तर रागावते आणि बजावते, “लाजा नाही, लाजा!” त्याच्या कानाला फरक पूर्ण कळलेला असतो, केवळ जीभ वळत नाही. अशा मुलाला चिडवू नये. आपण शुद्ध बोलत राहावे, एवढे पुरे असते. ज्या मुलाला ऐकूच कमी येते, त्याची गोष्ट वेगळी. वर्षाचे झाले तरी बाळ बडबड करत नसेल, दीड वर्षाचे होऊनही एकही शब्द बोलत नसेल, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नसेल, तर ‘याचे काका पण उशिरा बोलले’ असे म्हणून थांबू नये. कानांची तपासणी करून घ्यावी. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या पडद्यामागे पाणी साचून काही काळ ऐकू कमी येते, हेही अनेक पालकांना ठाऊक नसते.

बोलणे आणि वाचणे यांच्यामध्ये एक पायरी आहे. तिला आम्ही ध्वनींची जाण म्हणू. शब्दाचा अर्थ बाजूला ठेवून त्याचा आवाज ऐकणे, तो तोडणे, जोडणे, बदलणे म्हणजे ही जाण. अमेरिकेत इझाबेल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली मुलांना शब्द ऐकवून त्यातील तुकडे टेबलावर टकटक करून मोजायला सांगितले. चार वर्षांच्या मुलांपैकी सुमारे निम्म्यांना शब्दावयव मोजता आले. सुटे वर्ण मात्र एकालाही मोजता आले नाहीत. पहिलीच्या अखेरीस नव्वद टक्के मुलांना शब्दावयव आणि सत्तर टक्के मुलांना वर्णही मोजता आले. १९८३ साली इंग्लंडमध्ये ब्रॅडली आणि ब्रायंट यांनी सुमारे चारशे मुलांचा काही वर्षे मागोवा घेतला. ज्यांना चौथ्या-पाचव्या वर्षी यमक जुळणारे शब्द ओळखता येत होते, ती मुले पुढे वाचनातही पुढे राहिली. यमक जुळवणे हा पोरखेळ नव्हे, असे त्यातून दिसले.

आता आपल्या लिपीकडे वळू. या बाबतीत देवनागरी मुलावर बरीच मेहेरबान आहे. तिचे एकक सुटा वर्ण नसून अक्षर आहे; ‘का’ म्हणजे ‘क्’ आणि ‘आ’ यांचा जोड. चार वर्षांच्या मुलाचा कान शब्द जिथे तोडतो, तिथेच साधारणपणे आपली लिपीही तोडते. ‘मामा’ मध्ये मुलाला दोन तुकडे ऐकू येतात आणि कागदावरही दोनच दिसतात. इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला हे सुख नाही.

परंतु अडचणीही आहेत, आणि त्या आपण मुलाला कधी सांगत नाही. पहिली अडचण संख्येची. चौतीस व्यंजने आणि प्रत्येकाची बारा रूपे म्हणजे चारशेहून अधिक आकृत्या, जोडाक्षरे वेगळीच. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास करून २००७ साली दाखवून दिले की भारतीय लिपीतील अक्षरांवर प्रभुत्व यायला मुलांना कित्येक इयत्ता लागतात. तेव्हा पहिलीच्या दिवाळीपर्यंत सगळे वाचता आले पाहिजे, हा आपला हट्ट निराधार आहे. दुसरी अडचण ‘अ’ची. आपण ‘क’, ‘म’, ‘ळ’ अशी तीन अक्षरे शिकवतो, प्रत्येकात ‘अ’ पूर्ण उच्चारून. बोलताना मात्र आपण ‘क-मळ्’ म्हणतो. शेवटचा ‘अ’ गळून पडतो. ‘सरबत’ हे ‘सर्-बत्’ होते, ‘बोलतो’ हे ‘बोल्-तो’. मूल प्रामाणिकपणे ‘सऽ रऽ बऽ तऽ’ असे वाचते आणि त्याने उच्चारलेला शब्द त्यालाच ओळखू येत नाही. अशा वेळी ‘पुन्हा वाच’ म्हणून काही होत नाही. ‘भरभर म्हण, आता ऐक, कोणता शब्द ऐकू आला?’ असे विचारले तर चेहरा उजळतो. तिसरी गंमत ऱ्हस्व वेलांटीची. ‘कि’ मध्ये ती लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर. मोठ्यांना याचे काही वाटत नाही, मुले मात्र इथे हमखास अडखळतात.

‘च’ आणि ‘ज’ यांचे तर दोन-दोन आवाज आहेत. ‘चार’ या संख्येतला ‘च’ आणि गुरांच्या ‘चाऱ्या’तला ‘च’ एक नव्हे. ‘जरा थांब’ मधला ‘जरा’ आणि म्हातारपण या अर्थाचा ‘जरा’ कागदावर सारखे, कानाला वेगळे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत लिपी फरक दाखवते. इथे दाखवत नाही. मराठी घरातील मूल हे सारे कानाने आधीच शिकलेले असते, म्हणून वाचताना योग्य आवाज निवडते. ज्याच्या घरात मराठी बोलणेच थांबले आहे, त्याच्याकडे ही शिदोरी नसते.

इथे बोलीचा प्रश्न येतो, आणि आमच्या मते खरे दुखणे इथेच आहे. आपल्या वसई धर्मप्रांतात कुपारी घरांत सामवेदी म्हणजेच कादोडी, वाडवळांत वाडवळी, कोळीवाड्यांत कोळी, तर डोंगरपट्ट्यात वारली बोलली जाते. मूल शाळेत घालायची वेळ आली की आईवडील आजीला बजावतात, “आता याच्याशी आपली बोली बोलू नका, अभ्यास बिघडेल.” आजीला पुस्तकी मराठी सफाईने येत नाही, इंग्रजी तर मुळीच नाही. मग ती नातवाशी बोलायचेच कमी करते. घरातला सर्वांत मोठा गोष्टींचा साठा असा एका सूचनेने बंद होतो आणि ज्या वयात कानावर अधिकाधिक भाषा पडायला हवी, त्याच वयात ती कमी होते.

बोलीमुळे वाचनात काहीच अडत नाही, असे आम्ही म्हणणार नाही. उत्तर कोकणच्या आगरी-कोळी बोलींत ‘ळ’ च्या जागी ‘ल’ आणि ‘ण’ च्या जागी ‘न’ ऐकू येतो. त्या घरातील मुलाला ‘काळ’ आणि ‘काल’, ‘मण’ आणि ‘मन’ यांतील फरक पुस्तकात प्रथमच भेटतो. तो अशुद्ध लिहितो असे नाही. जसे ऐकतो तसे इमानाने लिहितो. त्याला हा फरक कानाने शिकवावा लागतो, जोड्या ऐकवून, खेळातून, त्याच्या घरच्या उच्चाराला न हसता. मातृभाषेतून शिक्षण सुरू करावे असे युनेस्कोने १९५३ सालीच सांगितले आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत तसे सुचवले आहे. आपल्या धर्मप्रांताच्या हद्दीतच ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, शाळेत न येणाऱ्या मुलांच्या अंगणापर्यंत बालवाडी नेली. मूल जिथे आहे तिथून सुरुवात करायची, हे त्यांनी करून दाखवले.

इंग्रजी माध्यमातील मुलांचे काय, असा प्रश्न पालक विचारतात. त्या भाषेत अक्षरांची नावे आणि त्यांचे आवाज यांची फारकत आहे. ‘डब्ल्यू’ या नावात ‘व’ कुठेच सुरुवातीला नाही, आणि ‘सी’ पासून ‘कॅट’ कसे होते हे नावावरून कळत नाही. म्हणून नावाआधी आवाज शिकवावा. मारिया मॉन्टेसरी या कॅथलिक डॉक्टरबाईंनी १९०७ साली रोममध्ये बालगृह उघडले, तेथे खरखरीत कागदाच्या अक्षरावरून मूल बोट फिरवी आणि त्याच वेळी त्याचा आवाज उच्चारी, नाव नव्हे. शिवाय ध्वनींची जाण एका भाषेतून दुसरीत जाते. अमेरिकेत स्पॅनिश बोलणाऱ्या पहिलीच्या मुलांवरील १९९३ च्या अभ्यासात, ज्यांना स्पॅनिश शब्दांतील ध्वनी चांगले ओळखता येत होते, त्यांना इंग्रजी शब्द वाचणेही सोपे गेल्याचे आढळले. तेव्हा आजीची बोली इंग्रजीच्या आड येत नाही.

घरी काय करावे? त्यासाठी विकत काही आणावे लागत नाही. बडबडगीते म्हणावीत, नावांवर टाळ्या वाजवाव्यात, ‘म’ पासून सुरू होणाऱ्या स्वयंपाकघरातील वस्तू शोधाव्यात. भेंड्यांच्या खेळात शेवटचे अक्षर पकडावे लागते, हा तर वाचनाचा सरळ सराव आहे. कच्च्या-पक्क्या पापडाची कसरत जिभेला आणि कानाला दोघांना वळण लावते. संध्याकाळच्या रोझरीत एक जण पुढे म्हणतो आणि इतर मागून, तिथे लहान मुलाला एखादे रहस्य पुढे म्हणू द्यावे; प्रार्थनापुस्तक त्याच्या मांडीवर उघडे असावे आणि मोठ्यांचे बोट हळूहळू शब्दाखालून फिरावे. पाठ असलेली ओळ आणि छापलेली ओळ एकच आहे, हा शोध मुलाला लागतो तो बहुधा अशाच वेळी.

आमच्या वर्गातील त्या मुलाला सिस्टरांनी महिनाभर पुस्तकच दिले नाही. रोज दहा मिनिटे नुसते आवाजांचे खेळ. पुढे कळले की त्याला गल्लीतल्या मुलांची ‘च’ची भाषा शिकायची होती, पण जमत नव्हती. पहिले अक्षर काढायचे, त्या जागी ‘च’ घालायचा आणि काढलेले अक्षर शेवटी लावायचे, ‘मराठी’चे ‘चराठीम’. सिस्टरांनी तोच त्याचा अभ्यास केला. कम्युनियनच्या आदल्या शनिवारी तो आमच्याकडे आला, ‘कमळ’ हा शब्द फळ्यावर स्वतः लिहिला आणि खालून मोठ्याने वाचला, “चमळक.”